एक लाख तीन

जुन्या गाडीच्या मीटरवर लाख किलोमीटर पुरे झाले, तसा नवरा टाळ्या पिटू लागला. गाडी चालवणाऱ्या बायकोने नाक मुरडलं. ती कॉलेजात गणित शिकवायची.

"नुसता शून्यांचा थाट! दोनने भागा, पाचने भागा, कुणीही यावं. खरा मानकरी एक लाख तीन. एक आणि तो स्वतः सोडला, तर कुणाची टाप नाही त्याला भागायची!"

एक लाख दोनवर इंजिनाने मान टाकली.

"मेकॅनिकला फोन करतो," नवरा म्हणाला.

"आधी ढकला! इथवर येऊन मी हात हलवत परत जायची नाही."

तिच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. तो मुकाट्याने उतरला आणि घामाघूम होईपर्यंत ढकलत राहिला. अखेर मीटरवर तीनचा आकडा सरकला, आणि ती अशी हसली, की तो धापा टाकायचंच विसरला.

"आता पुढचा असा आकडा कुठे गं?"

"एक लाख एकोणीसला."

त्याने गाडी न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याला फोन लावला. "हे बघा, गाडी उचलून न्यायची नाही. दोर बांधून ओढायची. चाकं फिरली पाहिजेत!"