दाराबाहेरची खरखर

डावीकडे: एक चप्पल. अंगठा तिच्यातून सारखा आत-बाहेर होतोय.

उजवीकडे: बंद दार. खालच्या फटीतून उजेडाची पट्टी.

डावीकडे: पेनाचं टोपण चावणारे एक काका. पेन त्यांचं नाही.

उजवीकडे: दार. अजून बंदच.

डावीकडे: चष्मा पुसणारी बाई. काच केव्हाच स्वच्छ झाली आहे.

मित्रांनो, मी असंच तुकड्यातुकड्यांनी सांगणार, रागावू नका. माझी मानच एका जागी ठरत नाही. मी आहे एक जुना टेबलफॅन, जाळीला एका बाजूनं पोचा आलेला. एका समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर, अरुंद वऱ्हांड्यात मला स्टुलावर ठेवलं आहे. माझ्या डावीकडे वाट पाहणाऱ्यांचं बाकडं, उजवीकडे खोलीचं दार. मधल्या भिंतीवर पाहण्यासारखं काहीही नाही, पण तीही मला दिवसभर पाहावी लागते.

लोकांना वाटतं, मी वाऱ्यासाठी आहे. मला आपल्याकडे वळवून घ्यावं, असा मोह बाकड्यावरच्या प्रत्येकाला होतो. पण मी वाऱ्यासाठी नाही. मी आवाजासाठी आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी मुका होतो. खोक्यावर तसं मोठ्या अभिमानानं छापलंही होतं. पहिली नोकरी शिंप्याच्या दुकानात. तिथं धागे आत गेले, तेल कुणी घातलं नाही, दांड्याभोवतीचं बुश झिजलं आणि मी खरखरू लागलो. शिंपी मला बंद करून म्हणाला, "याच्यापुढे माझं मशीन लाजतंय!" मग मी दुरुस्तीच्या दुकानातल्या फळीवर जाऊन पडलो, मोडक्या इस्त्र्यांच्या शेजारी.

तिथं या बाई आल्या. एकेक पंखा चालवून त्यांनी कान लावून ऐकला. माझं बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला बंद करून त्या म्हणाल्या, "हाच हवा. दुरुस्त मात्र करू नका."

दुकानदार हसला. "ताई, लोक आवाज घालवायला येतात माझ्याकडे!"

"मला दाराबाहेर ठेवायचाय. आत कुणी मनातलं सांगत असलं, तर ते बाहेर ऐकू जायला नको."

"मग माझ्या मेहुण्याला न्या की. तो तर विजेशिवाय चालतो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खरखरीचं कुणीतरी कौतुक केलं होतं.

एक अडचण आहे. मी चालू असलो की मलाही दुसरं काही ऐकू येत नाही. त्यामुळे बाईंचा धंदा मी डोळ्यांनीच शिकलो. कुणी आपल्या पायानं येतं, कुणाला दंडाला धरून आणतात. दंडाला धरून आणलेल्यांचं काम लांबतं. ज्यांच्या घरचे लोक बाकड्यावर स्वस्थ बसतात, त्यांचं बरं चालतं. ज्यांच्या घरचे दार उघडताच पुढे येऊन "काय झालं? काय म्हणाल्या?" करतात (ते ओठांवरून ओळखता येतं), त्यांची गाडी पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि बाईंचंही आहेच. त्यांचा स्वतःचा चेहरा ओढलेला असला, की आत गेलेलं माणूस लवकर बाहेर येतं. लोक म्हणतात, नुसतं बसून तर ऐकायचं, त्यात काय एवढं! मी त्यांना दिवस संपल्यावर पाहतो. त्या टेबलाला धरून उठतात. कधी कधी आपल्या जुन्या शिक्षिकेला फोन लावतात आणि मग ऐकण्याची पाळी त्या शिक्षिकेची असते.

डावीकडे: एक आई. शेजारी कॉलेजातली मुलगी, नजर बुटांच्या नाड्यांवर.

वडील वेगळे राहायला गेल्यापासून मुलगी घरात हूं की चूं करत नव्हती. कॉलेज बंद, ताट खोलीत. पहिल्या दिवशी, मी चालू व्हायच्या आधी, आई बाईंना म्हणाली, "भिंतीशी बोलावं तशी बोलते हो मी हिच्याशी. तुम्ही फक्त हिला बोलतं करा."

"तिला वाटेल तेव्हा बोलेल," बाई म्हणाल्या.

कितीतरी दिवस मुलगी जशी आत जायची तशीच बाहेर यायची. मग एकदा बाहेर आली ती लाल नाकानं, खांदे सैल सोडून. आईनं ते पाहिलं. मीही पाहिलं. पुढच्या खेपेला आम्ही दोघंही अस्वस्थ.

डावीकडे: आई बसलेली.

उजवीकडे: दार.

डावीकडे: आई उभी.

उजवीकडे: आई दारापाशी.

मग आई माझ्यापाशी. टक्.

माझी पाती थांबली. मान दाराकडे अर्ध्यावर अडकली. आणि मला त्या मुलीचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला, दाराच्या फटीतून, अगदी स्वच्छ.

"घरी रडायचंच नाही मला. मी रडले की आई माझ्याहून जास्त रडते. मग मीच उठून तिला पाणी द्यायचं, मीच पाठीवरून हात फिरवायचा. माझं राहूनच जातं."

आईनं धाडकन दार उघडलं. "अगं, मी कधी रडले गं? सांग ना बाईंना, मी कधी—" आणि तिथंच, उंबरठ्यावर, तिला हुंदका फुटला.

मुलगी उठली. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून तिनं आईच्या हातात दिला. दुसरा हात आईच्या पाठीवर ठेवला. तिचा चेहरा मात्र दुकानाचं शटर ओढावं तसा मिटत गेला. मग ती माझ्याजवळून जिना उतरून गेली.

"माझ्याच पोटची पोर आहे," आई बाईंना म्हणाली. "मी ऐकलं तर एवढं काय बिघडलं?"

"कदाचित ती तुम्हाला सांगणारही होती. पण कधी सांगायचं, ते तिच्या हातात होतं."

"आणि नसतंच सांगितलं तर?"

"तसंही झालं असतं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मुलगी यायची थांबली. तिच्या दिवशी, तिच्या वेळी, बाई मला चालू करायच्या आणि रिकाम्या खोलीत जाऊन बसायच्या. मित्रांनो, ज्या खोलीत कुणी बोलतच नाही, तिची राखण करून पाहा. मी वेड्यासारखी मान फिरवत राहिलो. डावीकडे रिकामं बाकडं, उजवीकडे दार, पुन्हा रिकामं बाकडं. जिन्यात सावली हलली की वाटायचं, आली.

एकदा दिवसाअखेरी, मला बंद केल्यावर, बाई फोनवर शिक्षिकेशी बोलत होत्या. "नाही, मी फोन केलेला नाही तिला... हो, हात शिवशिवतायत... छे, तिच्या आईंवर कसला राग? अजिबात नाही... बरं, आहे. थोडासा." मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. "नाही, तिची वेळ कुणाला दिलेली नाही. हो. ठेवते तशीच."

मग एक दिवस, बाईंचा हात माझ्या बटणाकडे येत असताना, जिन्यावर पावलं वाजली. पुढे मुलगी, मागे आई.

"आत येऊ?" मुलीनं विचारलं.

"तुझीच वेळ आहे," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आई घुटमळली. "मी खाली रस्त्यावर थांबते."

"ऊन आहे खाली. बस इथंच."

"मग हात मांडीखाली दाबून बसते. चालेल?"

"नाटकं नको गं करूस, आई." पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं आईकडे पाहत माझं बटण दाबलं, सगळ्यात मोठ्या वेगाचं. आणि दार लावून घेतलं.

डावीकडे: आई. हात खरोखरच मांडीखाली.

उजवीकडे: दार.

डावीकडे: आईचे खांदे हलतायत. तोंड लहान मुलासारखं उघडं.

उजवीकडे: दार. उजेडाच्या पट्टीत हालचाल नाही. पाणी आणायला कुणी उठलेलं नाही.

मी होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला.

डावीकडे: आई अजून रडतेय. मन भरेपर्यंत रडली. मग पदरानं चेहरा पुसून, केस सारखे करून ती दाराकडे बघत बसली.

मुलगी आता येते. काय बोलते, ते मला विचारू नका, मला ऐकू येत नाही. कधी हलक्या पावलांनी बाहेर येते, कधी जड. बाई म्हणतात, सगळं काही या खोलीत घडत नाही, बरंचसं घरी घडायचं असतं.

माझं म्हणाल, तर मोटर तापते आणि पोचा आलेली जाळी पात्यांना घासू लागली आहे. वायरमन मला बदला म्हणतो, बाई ऐकत नाहीत. तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. एखाद्या बंद दाराबाहेर माझ्यासारखा खरखरता पंखा दिसला, तर त्याला दया येऊन तेल घालू नका. आपल्याकडे वळवू नका. आणि बंद तर मुळीच करू नका. आत कुणाचं तरी बोलणं पहिल्यांदाच पूर्ण होत असेल. बाहेरच्यालाही कधी कधी या खरखरीचा आडोसा लागतो.

आणि हो, आईनं मला बंद केलं ना, त्या दिवशी बटणाला हात लावण्याआधी तिनं दार वाजवलं होतं, मी पाहिलं. माझ्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.