चांगला तुकडा

शस्त्रक्रियेत कापून काढलेले गुडघ्याचे तुकडे आमच्याकडे बर्फाच्या डब्यातून येतात. हाडाच्या टोकावर गुळगुळीत पांढरं अस्तर असतं, त्याला कूर्चा म्हणतात. ती सोलायची आणि तिच्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या, हे माझं काम. एकवीस वर्षं सरांच्या प्रयोगशाळेत हेच करते आहे. सर मोठे संशोधक, पण त्यांचा हात थरथरतो. त्यामुळे पेशींना हात मीच लावायचा, हे न बोलता ठरून गेलेलं आहे.

आमची एक पद्धत होती. तुकडा आला की दिव्याखाली धरायचा. झिजलेला, खडबडीत भाग एका बशीत, गुळगुळीत दिसणारा दुसऱ्या बशीत. पहिला आजारी, दुसरा निरोगी. त्या दुसऱ्याला आम्ही ‘चांगला तुकडा’ म्हणायचो. निरोगी गुडघा कोण कशाला कापून देईल? म्हणून आजारी गुडघ्याचाच चांगला तुकडा घ्यायचा आणि सगळी तुलना त्याच्याशी करायची. नुसत्या नजरेने तो निवडण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असा माझा तोरा होता.

लोकांना वाटतं, गुडघा चपलेसारखा वापरून झिजतो. मला हे ऐकलं की राग येतो. कूर्चेतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. एकदा दाह सुरू झाला की त्या धोक्याचे निरोप सोडत राहतात. ते मिळाले की शेजारच्या पेशी अशी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बनवतात, की ज्या जाळीत त्या बसलेल्या असतात तीच कुरतडली जाते. कुरतडून पडलेले कणही पुन्हा निरोपाचंच काम करतात. आणि कूर्चेला दुखत नाही, कारण तिच्यात मज्जातंतूच नाहीत. माणसाला दुखायला लागतं तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

हे निरोप अडवणाऱ्या एका औषधावर सर काम करत होते. ते घातलं की आजारी पेशींमधलं विकर थेट चांगल्या तुकड्याच्या पातळीवर उतरायचं. तीन वर्षं, दर वेळी. आता ते माणसांना टोचून पाहायचं ठरत होतं. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे मी ते ताईला सांगून बसले होते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलापाशी तिने तीस वर्षं उभ्याने काढली. मी चोपन्नची झाले तरी तिच्या लेखी मी छोटीच. तिचे गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांधा बदलून घ्या. मी म्हटलं, कापाकापीची घाई नको, थोडी कळ काढ, आमचं इंजेक्शन येतंय. ती थांबली. दर रविवारी मी विचारायचे आणि ती म्हणायची, बरं आहे गं. मला तेवढं पुरायचं.

गेल्या महिन्यात एक वेगळा डबा आला. अपघातात पाय गमावलेल्या एका तरुणीने आपला गुडघा संशोधनाला दिला होता. खरोखरची निरोगी कूर्चा मी पहिल्यांदाच सोलत होते. तिच्या पेशी आमच्या चांगल्या तुकड्याशेजारी लावल्या आणि विकर मोजलं. आमच्या चांगल्या तुकड्यात ते बारा पट निघालं. माझंच काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. आकडे जागचे हलेनात.

मग लख्ख दिसलं. सांध्यातलं पाणी सगळ्या कूर्चेभर फिरतं. खडबडीत भागातून निघालेले निरोप गुळगुळीत भागाला केव्हाच पोचलेले होते. तो फक्त दिसायला चांगला होता. आमचं औषध आजारी पेशींना बरं करत नव्हतं, थोडं कमी आजारी करत होतं.

सरांना सांगताना मी उभीच राहिले. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. चाचणी थांबवावी लागेल म्हणाले. मग म्हणाले, “आपण डोळ्यांवर विसंबलो.” ‘आपण’ म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा. डोळे माझे होते.

त्याच दुपारी न कळवता ताईकडे गेले. एरवी रविवारी दार नुसतं लोटलेलं असायचं आणि ती खुर्चीत बसलेली असायची. त्या दिवशी बेल वाजवली आणि आतून काहीतरी सरकवल्याचे आवाज येत राहिले. दार उघडलं तेव्हा ती घामाघूम झाली होती. पलंगापासून दारापर्यंत हाताच्या अंतरावर स्टूल, खुर्ची, टेबल असं मांडलेलं होतं. ती त्यांना धरत धरत आली होती.

ती बसल्यावर मी सगळं सांगून टाकलं. इंजेक्शन येणार नाही, तू ऑपरेशन करून घे. तिने ऐकून घेतलं. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं म्हणाली, आणखी थांबलात तर पाय पूर्ण सरळ होईल याची खात्री नाही.

“मग थांबलीस कशाला?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तू एवढ्या हौसेने सांगत होतीस,” ताई म्हणाली. “मी कापून घेतला असता तर तुला वाटलं असतं, ताईचाच आपल्या कामावर विश्वास नाही.”

मला रडू आवरेना. मी तिच्या पायाशी खाली बसले. शेकड्याने परक्या माणसांचे गुडघे मी आजवर हाताळले असतील. ताईचा गुडघा मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला. तो गरम होता.