वरच्या नदीचा मासा

संग्रहालयात माशांच्या जाती ओळखण्याचं काम करणाऱ्या धाकटीला घरात सगळे ‘मिशीमास्तरीण’ म्हणायचे. दिवसभर माशांच्या मिशाच बघत बसते म्हणून. थोरल्या बहिणीचे यजमान मत्स्यबीज केंद्राचे प्रमुख. वरच्या नदीतले मासे घटले, म्हणून त्यांनी खालच्या नदीतल्या माशांची पिल्लं वाढवली होती. रविवारी ती वर सोडायची होती.

हे कळताच धाकटी दोन बरण्यांत एकेक मासा घेऊन केंद्रात धडकली.

“भावोजी, हे दोन वेगळे मासे आहेत. वरच्याच्या मिशा आखूड, ओठ जाड. तुमची पिल्लं तिथे सोडलीत तर संकर होईल आणि वरचा मासा कायमचा संपेल.”

त्यांनी बरण्या उजेडात धरल्या. “मला तर सख्खे भाऊ वाटतात. पुस्तकातही एकच नाव आहे ना?”

“पुस्तक जुनं झालं. नवं नाव देणारा लेख मी पाठवलाय. तो छापून येईपर्यंत थांबा.”

“कधी येईल?”

लेख तपासणाऱ्या परीक्षकांना आणखी नमुने हवे होते, आणि नमुने द्यायला नदीत पुरेसे मासेच उरले नव्हते.

“म्हणजे ना नाव ना गाव अशा माशासाठी मी कार्यक्रम रद्द करू?”

कार्यक्रम थांबवावा म्हणून तिने भावोजींच्या वरिष्ठ साहेबांकडे अर्ज केला. साहेबांनी तो अभिप्रायासाठी भावोजींकडेच धाडला!

“माशापायी घरात भांडण नको गं,” ताई फोनवर म्हणाली.

रविवारी पिल्लं नदीत सुटली, टाळ्या वाजल्या. काठावर उभ्या धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेख छापून आला तोवर जाळ्यात ना धड आखूड ना धड लांब मिशांचे मासे येऊ लागले होते. भावोजी स्वतः संग्रहालयात आले.

“चुकलंच माझं. आता बीज वाढवायला अस्सल मासे कुठून आणू?”

“हे तेव्हा विचारायचं होतं!”

तरी ती निघाली. सोडलेली पिल्लं धबधबा चढून वरच्या ओढ्यात गेली नसणार; तिथे अस्सल मासे उरले असण्याची शक्यता होती. भावोजी गुडघाभर पाण्यात जाळं ओढत होते, ती एकेक मासा भिंगाखाली पाहत होती.

“हा?”

“नाही. ही दुसरीच जात.”

“आणि हा?”

तिने बराच वेळ पाहिलं. “हा आहे.”

संध्याकाळपर्यंत चार-पाचच मिळाले.

“सुरुवात तर झाली,” भावोजी म्हणाले.

तिला त्यांच्याशी गोड बोलवेना. जाळं खांद्यावर टाकून ती पुढच्या डोहाकडे चालू लागली.