थोरल्या जावेची क्षमा

तानुबाईनं आधार कार्ड पदरानं पुसलं आणि खिडकीतून आत सरकवलं. कार्डावरचा चेहरा चकचकीत असला की काम लवकर होतं, अशी तिची समजूत.

"कुणाला भेटायचंय?" आतल्या शिपायानं विचारलं.

"गुंडाला. बनुबाईच्या. जत तालुक्यातला."

"नातं?"

तानुबाईनं मागच्या रांगेकडं वळून पाहिलं.

"नवऱ्याला मारलंय त्यानं माझ्या. धाकट्या दिराला बी. तुमच्या कागदात त्याला काय म्हणत असतील ते लिवा."

शिपायाचं पेन थांबलं. सांगलीच्या तुरुंगाच्या त्या खिडकीनं आया पाहिल्या होत्या, बायका पाहिल्या होत्या, एकाच गड्याच्या दोन बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतानाही पाहिल्या होत्या. पण असलं नातं तिच्यापुढं पहिल्यांदाच येत होतं.

"मावशी, असं नाही भेटता येत. त्याची आई येते आज. ती आली की साहेबांना विचारतो. तोवर बसा तिकडं."

तिकडं म्हणजे लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर. तानुबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली. जतहून एसटीत बसल्यापासून ती एकच वाक्य घोकत आली होती. 'गुंडा, मी तुला प्रभूच्या नावाने क्षमा करते.' वाक्य मुद्दाम पुस्तकी बसवलं होतं. 'माफ केलं रं तुला' म्हणण्यात वजन नव्हतं, आणि सगळा प्रश्न वजनाचाच होता.

कारण रेश्मा.

रेश्मा तिची धाकटी जाऊ. अडीच वर्षांमागं, उन्हाळ्यात, टँकरच्या पाइपावरनं भांडण लागलं. गुंडानं पहार उचलली आणि टँकर रिकामा व्हायच्या आत दोन घरं रिकामी झाली. थोरला ज्ञानू जागच्या जागी गेला, धाकटा नाथाजी दवाखान्याच्या वाटेवर. मारणारा कुणी परका नव्हता. दर नाताळात ह्याच दोन घरांतल्या करंज्या खिशात कोंबून पळणारा पोरगा तो. दुःख दोघी जावांना सारखंच आलं, एकाच पहारीनं आलं.

पण महिना झाला नाही तोवर रेश्मा चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत उभी राहिली आणि म्हणाली, "ज्यानं माझा संसार मोडला, त्याला मी माफ केलंय." मंडळी घळाघळा रडली. पाळकसाहेबांना पुढचं वचन दिसेना. मग रेश्माला बोलावणी सुरू झाली. सांगलीच्या सभेत तिनं साक्ष दिली, म्हणजे ही माफीची गोष्ट लोकांपुढं सांगितली, तेव्हा म्हणे छताचे पंखे आपोआप थांबले. वीज गेली होती असं म्हणणारेही होते, पण ते मागच्या रांगेतले. साताऱ्यात वीस वर्षं अबोला धरलेले दोन भाऊ भर सभेत एकमेकांच्या गळ्यात पडले, त्यांना सोडवायला चौघे लागले. वाईत तर लोक इतके रडले की घाटावर कृष्णेचं पाणी दोन बोटं चढलं. मोजायला कुणी गेलं नव्हतं. तानुबाईनं मात्र सगळं खरं धरलं. खोटं धरलं असतं तर जळायला काय उरलं असतं?

आणि जळणं तरी कसं, ओल्या बाभळीसारखं. जाळ कमी, धूर फार. रेश्माला शाली मिळत, आणि तानुबाईला लोक विचारत, "तुम्ही त्या साक्षवाल्या रेश्माबाईंच्या कोण?" प्रभुभोजनाचा रविवार तर नको होऊन जाई. मनात वैर ठेवून द्राक्षरसाचा तो पेला घ्यायचा नाही अशी शिकवण, आणि तानुबाई भलती प्रामाणिक. पेल्यांचं ताट आलं की ती न घेता शेजारी सरकवायची, रेश्माकडं. रेश्मा डोळे मिटून प्यायची. तानुबाई गुंडाचा द्वेष करायची, पण हल्ली त्या द्वेषातला मोठा घास रेश्माच खात होती.

म्हणून हा बेत. रेश्मानं माफ केलं ते लांबून, माइकवरनं. आपण तोंडावर करायचं. जाळीपलीकडं तो, अलीकडं आपण. मग बघू कुणाची साक्ष भारी ठरते ती.

"तानुबाई?"

समोर बनुबाई उभी होती, गुंडाची आई. अंगानं निम्मी झालेली, हातात कपड्यांचं गाठोडं. पळावं की पाया पडावं हे ठरेना, म्हणून ती मध्येच वाकून राहिली होती.

"बस. मी शिव्या द्याया आले न्हाई. क्षमा कराया आलीया."

बनुबाई बाकाच्या टोकाला टेकली. "तुमी बी?"

"बी म्हंजे?"

"रेश्माबाय येत्यात की. दर महिन्याला."

इथंही तीच पुढं! "आत जाती? बोलती त्याच्यासंगं?"

"पयल्या खेपंला गेल्त्या माझ्यासंगं, माझी भाची सांगून, जाळीपतुर. त्यो दिसला आन् थुकल्या त्याच्या तोंडावर. शिपायानं भाईर आणलं. हितं लिंबाखाली भडाभडा वकल्या. तवापास्नं आत न्हाई. यायचं, बसायचं, येळ सरली की जायचं. म्या म्हनलं, आवं, येता तरी कशाला? तर म्हणल्या, 'लोकांस्नी सांगून बसलीया, बनुबाई. आता ते खरं व्हायला नगं का?'"

तानुबाईला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, नाताळ दारात आल्यासारखा झाला. तिनं पिशवीतनं फोन काढला आणि पाळकसाहेबांच्या बायकोचा, पाळकीणबाईंचा नंबर दाबला.

"बोला तानुबाई, प्रभूची स्तुती असो."

"पाळकीणबाई, ती आपली रेश्मा..."

शब्द जिभेच्या शेंड्यावर आले. तेवढ्यात तिचं लक्ष बनुबाईकडं गेलं. बनुबाईनं मान खांद्यांत ओढून घेतली होती. समोरच्यानं काही उगारलं की माणूस ओढतं, तशी. तानुबाईनं आपल्या मुठीकडं पाहिलं. मुठीत फोनच होता.

"हॅलो? रेश्माचं काय?"

"रेश्मा... बरी हाय. त्येच सांगाया केल्ता."

तिनं फोन बंद केला, तोवर रिक्षा थांबली आणि रेश्मा उतरली. बाकावर दोघींना शेजारी बघून तिचा एक पाय पुढं, एक मागं राहिला.

"आक्का... चर्चच्या मंडळीत कळलं?"

"काय कळायचंय? बस."

रेश्मा बसली नाही. "मी खोटं बोलले न्हाई, आक्का. त्या रविवारी खरंच माफ केल्तं. सकाळी उठले तर न्हवतं ऱ्हायलं."

तानुबाईनं मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"तुझं एक रात तरी टिकलं गं," ती म्हणाली.

रेश्मा हळूच खाली टेकली. दोघींच्या मध्ये वीतभर जागा होती. तानुबाईनं ती सरकून बुजवली.

खिडकीतनं हाक आली. "गुंडाची आई! आणि त्या जतच्या मावशी, साहेब हो म्हणालेत. दोन मिनिटं, आईच्या बरोबर जायचं."

तानुबाई उठली. पदर सारखा केला. वाक्य तोंडात तयार होतं, एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. दोन पावलं गेली आणि उभीच राहिली. रेश्मा तिच्याकडं बघत होती. तिच्या बघण्यात हेवा होता की भीती, ते तानुबाईला उमगेना. पण असं बघणं तिच्या ओळखीचं होतं, आरशातलं.

ती परत येऊन बसली.

बनुबाई दारापाशी थांबली. गाठोडं छातीशी धरून तिनं आधी एकीकडं पाहिलं, मग दुसरीकडं.

"काय निरोप सांगू त्येला?"

अकरा गावांत बोललेल्या रेश्मानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तानुबाईनं ते घोकलेलं वाक्य जिभेवर घोळवलं. मग गिळून टाकलं.

"सांग," ती म्हणाली, "आमी दोघी भाईर बसलोय म्हणावं."

"येवढंच?"

"आज येवढंच."