दुरून घेतलेली अलाबला

उत्तमरावांच्या मांडीतल्या जखमेचे जंतू नेहमीच्या एकाही औषधाला जुमानत नव्हते. हे जंतू गावाहून आलेले नव्हते. इथंच, बुलढाण्याच्या दवाखान्यात, ऑपरेशननंतर शिरले होते. प्रयोगशाळेतली हिमानी तो अहवाल घेऊन वॉर्डात आली आणि दारातच थबकली.

उत्तमरावांची पट्टी सावरून त्यांच्या पत्नी झुंबरबाई उठल्या होत्या. शेजारच्या खाटेवर काजल होती. तिच्या पोटाचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालेलं. झुंबरबाईंनी तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. वॉर्डातल्या प्रत्येकाची अशी अलाबला घ्यायची, हा त्यांचा रोजचा परिपाठ.

"आजी, तिला हात नका लावू."

"काऊन व माय? मी का नजर लावून राह्यली तिले?"

"आजोबांच्या जखमेतले जंतू तुमच्या हाताला लागतात. हिच्या टाक्यांत गेले तर औषध सापडायचं नाही."

झुंबरबाईंचा चेहरा उतरला, आवाज नाही. "म्हंजे मी रोग वाटून राह्यली! अन् तुमचा डॉक्टर? आत्ता यायची जखम पाह्यली अन् तसाच पोरीच्या पोटाले हात लावून गेला. त्याले सांगशीन का?"

"ते हातमोजे घालतात, आजी."

"हाव, घालते ना. तेच मोजे!"

हिमानीनं वळून पाहिलं. डॉक्टर शंतनु अजून वॉर्डातच होते, पलीकडच्या खाटेवर वाकलेले. नोकरी नवी होती. तरी ती त्यांच्याकडे गेली.

"सर, आधी मोजे काढून हात धुता का? उत्तमरावांचा अहवाल आलाय."

डॉक्टरांनी अहवाल वाचला, मोजे काढले आणि बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले.

"बोटाच्या फटीबी घासा," मागून झुंबरबाई म्हणाल्या. डॉक्टरांना हसू आलं. त्यांनी फटी घासल्या, आणि साबण झुंबरबाईंच्याच हातात दिला.

काजलचे टाके कोरडेच राहिले. धुतलेल्या हातांमुळे की नशिबानं, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही, हे हिमानीला ठाऊक होतं. उत्तमरावांसाठी अकोल्याहून औषध मागवलं होतं. ते अजून खाटेवरच होते.

घरी निघताना काजल पाया पडायला वाकली, तशा झुंबरबाई मागं सरकल्या.

"तिथूनच, बाई."

दोन हात अंतरावरून त्यांनी हवेतच हात फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. एकही वाजायचं राहिलं नाही.