साकम्माचा हात

बोरेगौडा ताटावरून उठला तेव्हा नाचणीच्या उकडीचा अर्धा गोळा ताटात तसाच होता. सलग चौथा दिवस. हात धुताना म्हणाला, "गाठी राहतात हल्ली. हात थकला वाटतं तुझा."

साकम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. कर्नाटकात मंड्याकडच्या त्या गावात लग्न असो की बारसं, नाचणी घोटायला बोलावणं यायचं ते तिलाच. आधणातलं पीठ दोन्ही हातांनी दांडा धरून ती शंभर माणसांपुरतं घोटायची आणि गाठ औषधालाही सापडायची नाही. दोन दिवसांवर मारम्मा देवीची जत्रा होती. गावजेवणाचा दांडा चाळीस वर्षं तिच्याकडे. नवऱ्याचं बोलणं बाहेर गेलं, तर दांडा दुसरीच्या हातात जायला कितीसा वेळ! त्या विचाराने तिला झोप लागेना.

"आत्याबाई, मामंजींचं काय मनावर घेता? त्यांना सारात मीठ नसलं तरी कळत नाही," सून भाग्या म्हणाली.

"सगळं कळतं. फक्त चांगलं बोलायचं कळत नाही."

पण मनात किडा वळवळतच होता. जत्रेच्या आदल्या दिवशी तिने दांडा भाग्याच्या हातात दिला आणि स्वतः फक्त बघत उभी राहिली. पोरीने मन लावून घोटलं. साकम्माने गोळा मोडून बोटांनी चाचपला. लोण्यासारखा मऊ. मग तो नवऱ्याला वाढला, वर पावट्याचं सार ओतलं आणि ती दाराआड थांबली.

बोरेगौडाने तुकडा तोडला, सारात बुडवला, तोंडात टाकला आणि चावायला लागला.

साकम्माला आधी खरंच वाटेना. नाचणीचा गोळा गिळायचा असतो. अंगावरचं दूध सुटलं की पोराला पहिलं तेच शिकवतात. तोंडात दात नसलेले म्हातारेसुद्धा दोन-दोन गोळे सहज उतरवतात. गोळा चावतो तो परगावचा पाहुणा, आणि त्याला पोरंटोरं हसतात. इथे तिचा जन्माचा शेतकरी नवरा भिंतीकडे तोंड करून, चोरासारखा चावत होता. मग त्याने पाण्याचा घोट घेतला, डोळे गच्च मिटले आणि मान ताणून घास कसाबसा खाली ढकलला.

"आजही गाठी!" तो ओरडला.

ती बाहेर आली. "आज भाग्याने घोटलंय."

त्याने उरलेला गोळा सारात दडपला.

"घास कधीपासून उतरत नाही?"

"संक्रांतीपासून."

"तीन महिने! आणि माझ्या हाताला नावं ठेवत बसलात?"

"नावं ठेवली की तू चिडतेस. खरं सांगितलं असतं तर रडली असतीस." तो ताटातल्या साराकडे बघत म्हणाला, "चिडलेली परवडतेस."

साकम्मा पदर तोंडाला लावून रडलीच. त्याचा राग आला होता, त्याहून जास्त भीती वाटत होती. दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "उद्या म्हैसूरला मोठ्या दवाखान्यात जायचं."

"उद्या जत्रा आहे. अख्खं गाव जेवायला बसणार. दांडा कोण धरणार?"

"भाग्या धरेल," साकम्मा म्हणाली. "पहिली बस सहाला आहे. तयार राहा."