बंद पडलेल्या गाडीचं कलम

“‘प्रस्थानापूर्वी चालकाने चाकांतील हवा तपासावी,’” मी वाचलं.

“प्रस्थान राजेलोक करतात,” हे म्हणाले. “ड्रायव्हर निघतो. खोड ते.”

मी खोडलं. आठवडाभर आमचा हाच संसार चालला होता. मी ऑफिसातून आले की चहा, आणि चहानंतर पुस्तिका. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या धाकट्या मालकांनी ड्रायव्हरांसाठी नियमांचं छोटं पुस्तक काढायचं मनावर घेतलं आणि ते काम माझ्या गळ्यात मारलं. “काकू, तुम्ही बुकिंगच्या टेबलावर इतकी वर्षं आहात, तुम्हीच लिहा. अडलंच तर घरी काका आहेत. ते म्हणतील तो नियम.”

काका म्हणजे आमचे हे. जन्मभर त्याच कंपनीची लॉरी चालवून आता घरी बसलेले. ड्रायव्हर मंडळी ह्यांना ‘खुंटा’ म्हणायची. कारण आमच्या कंपनीची एक रीत होती: गाडी वाटेत बंद पडली तर ड्रायव्हरने ती सोडून हलायचं नाही. पार्ट येईल, मेकॅनिक येईल, तोवर तिथेच ठाण मांडायचं. गाडी सोडून आलेल्या माणसाबरोबर बाकीचे चहासुद्धा प्यायचे नाहीत. आणि ह्यांच्यासारखं बसणं कुणाला जमलं नाही.

त्या दिवसांची आठवण निघाली की मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? लग्न नवंनवं असताना एकदा ह्यांची लॉरी शहराबाहेरच्या चढावर बंद पडली. मी डबा घेऊन गेले, तर बॉनेटवर शर्ट वाळत घातलेला आणि हे गाडीखाली सावलीत घोरतायत. राखणदार म्हणे! गाडीत आरसे भरलेले होते. जेवण झाल्यावर ह्यांनी ताडपत्रीची एक बाजू उचलली आणि मला आत बघायला लावलं. पेंढ्यात बांधलेल्या त्या आरशांत जिकडेतिकडे आम्ही दोघंच. “बघ, राखणीला किती माणसं आहोत,” हे म्हणाले. हसून हसून माझी पुरेवाट झाली. ती दुपार, तो डिझेलचा वास आणि तो हडकुळा माणूस अजून मला हवाहवासा वाटतो.

पण सासूबाई गेल्या तेव्हाही हे असेच दूर कुठेतरी, ॲक्सल तुटलेल्या गाडीपाशी बसले होते. दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता, तो पोचलाही होता. सासूबाई दाराकडे बघत विचारायच्या, “आला का गं?” मी म्हणायची, “वाटेत आहेत.” हे आले नाहीत. पुढे थोरल्या मालकांनी चारचौघांत ह्यांची पाठ थोपटली. त्यावर आम्ही नवराबायको कधी एक शब्द बोललो नाही.

तर त्या संध्याकाळी आम्ही बंद पडलेल्या गाडीच्या कलमापाशी आलो आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

“जुनं आहे तेच लिही,” हे म्हणाले. “गाडी सोडायची नाही.”

“मी वेगळं लिहिलंय.” मी वाचून दाखवलं. “‘गाडी बंद पडल्यास ऑफिसला फोन करावा. घरी काही अडचण असेल, तर बदली माणूस मागून घ्यावा आणि घरी यावं. त्याबद्दल कोणी बोल लावणार नाही.’”

“मग तो ड्रायव्हर कसला? आणि मालाचं काय?”

“मालाला कुणीही चालतं. घरच्यांना बदली माणूस चालत नाही.”

“टेबलावर बसून लिहायला तुझं काय जातंय!”

“माझं गेलंय,” मी म्हणाले. “‘वाटेत आहेत’ असं मी सांगत होते त्यांना. मला राग आहे त्याचा, अजून आहे. तरी तुम्ही म्हणाल तेच छापेन.”

हे कपातला गार चहा पीत बसले. मला वाटलं, आता उठून गॅलरीत जातील.

“निरोप मिळाला तेव्हा मी एका ट्रकला हात केला होता,” हे म्हणाले. “थांबला तो. त्यानं दार उघडलं. मी पायरीवर पाय ठेवला, वर चढलो, बसलोसुद्धा. आणि उतरलो. म्हटलं, उद्यापासून चहाला कोण बसेल माझ्याबरोबर?”

हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंही नव्हतं. माझे डोळे भरून आले.

“हे छापलंस तर पोरं मला विचारतील,” हे म्हणाले, “मग काका, तुम्ही कशाला बसलात जन्मभर?”

“काय सांगाल?”

“सांगेन, आमच्या वेळी पुस्तक नव्हतं.” जरासं हसल्यासारखं केलं ह्यांनी. मग खुर्ची पुढे ओढली. “वाच पुन्हा.”

मी वाचलं.

“‘काही अडचण’ खोड. अडचण म्हटलं की पोरं गिळून बसतात. सरळ लिही, आई आजारी असेल तर.”

मी लिहिलं.

“आणि ‘घरी यावं’च्या आधी ‘लगेच’ घाल.”

मी ‘लगेच’ घातलं. पुढचं कलम त्या दिवशी आम्ही घेतलं नाही.